बंद डब्यातलं कुंकू

१

“ओळख, गंधे, ओळख! आत काय?”

चाळीस वर्षं झाली त्या आवाजाला. भुलाबाईचे दिवस, पुरानी बस्तीतलं शेणानं सारवलेलं अंगण, फेर धरून दमलेल्या पोरी आणि मधोमध पितळी डबा कानाशी हलवत उभी असलेली मीनल. गाणंही तिचं तिनंच जोडलेलं असायचं.

डबा माझा बंद बाई, झाकण त्याचं पितळी
ओळखेल तिला देईन खिरापत गं सगळी

गंधाली डबा हातात घ्यायची. हलवायची, हुंगायची, तळ चाचपायची आणि सांगून टाकायची, “भिजवलेले मूग. अन् झाकण लावायच्या आधी कोणीतरी मूठभर खाल्लेत.” पोरी हसून लोळायच्या. मीनल रुसायची, पण सगळ्यात मोठी मूठ गंधालीच्याच ओंजळीत टाकायची.

पुढे गंधाली वकील झाली. फसलेल्या गिऱ्हाइकांची भांडणं लढता लढता केस पिकले. माहेर सोडून तिनं तेलीबांध्याला घर केलं, आणि तो आवाज कुठेतरी तळाशी जाऊन बसला. कोजागिरी उलटल्यावर एका सकाळी भावाचा फोन आला, ती धावत पुरानी बस्तीत पोचली, आणि उंबरठ्यावर पाऊल टाकताना नेमका तोच आवाज कानात वाजला. काहून वाजला, हे काही तिला तेव्हा उमगलं नाही.

आत तिची भाची राधिका लॅपटॉपच्या काळ्या पडलेल्या पडद्यासमोर बसली होती. रडून झालं होतं. आता डोळे कोरडे होते आणि ते पाहवत नव्हते.

“आत्या, मी अर्ध्यात होते. त्यांना आवडून राहिलं होतं गं. एकजण तर मान हलवत होते. अन् पडदा गोठला. मग निळा झाला. मग हे.”

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेची मुलाखत होती ती, लॅपटॉपवरून द्यायची. वहिनी गेल्यापासून हे पोर एका वाटेकडे डोळे लावून शिकत होतं, आणि ती वाट त्या संस्थेच्या दाराशी जाऊन थांबत होती.

“त्यांचं काही आलं?”

राधिकानं मोबाइल पुढे केला. संस्थेचं उत्तर सभ्य होतं आणि थंडगार. यंत्र उमेदवाराच्या हयगयीनं बंद पडलं असेल तर इलाज नाही. दुसऱ्या कोणाच्या कृत्यानं पडलं असेल, तर तसा सही केलेला जबाब शुक्रवारपर्यंत पाठवा. मग पुन्हा मुलाखतीचा विचार करू.

“नवीकोरी मशीन होती वं!” श्यामकांत, गंधालीचा थोरला भाऊ, दाराला टेकून उभा होता. रेल्वेत उभी हयात काढलेला ताठ माणूस, पण आज खांदे पडलेले. “तुह्यासमोर सांगतो गंधे, ज्यानं कोणी माझ्या पोरीचं वाटोळं केलं, त्याले मी चौकात उभा करीन.”

“तू कशाला? मी करीन,” गंधाली म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण राधिकानं दचकून वर पाहिलं. आत्याच्या जबड्याची शीर उडत होती. “त्याले असं धरीन दादा, की पुन्हा या पाऱ्यात, या मोहल्ल्यात, तोंड दाखवायची सोय राहायची नाही.”

तिनं यंत्राचं मागचं झाकण काढवून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीवाला होता, त्यानं बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“मॅडम, लॅपटॉप तो एकदम नया है,” तो म्हणाला, “मगर ये डिस्क नयी नहीं है. ये तो बूढ़ी है.”

२

“सांग आता, कशी घेतली मशीन. सगळं सांग.”

श्यामकांताला एवढंच हवं होतं. दुःखातही त्याच्या चेहऱ्यावर किंचित तजेला आला. पैसे कसे वाचवले हे सांगायला मिळालं की या माणसाचा ताप उतरायचा.

“हे पाय, नवीन मॉडेल निघालं की मागच्या सालचं उतरते. ते घ्यायचं. आतमध्ये फरक काही नसते, फक्त जाहिरात नवी. मग सेल लागेपर्यंत दम धरायचा. राधिका म्हणे बाबा आत्ता घ्या, आत्ता घ्या. मी म्हटलं, दसऱ्याच्या तोंडावर घेऊ. कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं की विद्यार्थ्याची सूट. त्यावर बँकेच्या कार्डाची सूट. माझ्याजवळ ते कार्ड नाही, मग आपल्या मावशीच्या भार्गवचं वापरलं.”

“अन् डिस्क?”

“ती खरी गोम आहे! कंपनीकडून मोठी डिस्क कधी घ्यायची नाही, लेकाचे दुपटीनं लावतात. लहान डिस्कची मशीन घ्यायची, मोठी डिस्क बाहेरून आणायची अन् घरी बसवायची. भार्गव देते बसवून. चहाच्या कपावर.”

“बाबा, चहाही तो स्वतःच करून प्यायला,” राधिका म्हणाली. इतक्या दुःखातही तिच्यानं राहवलं नाही.

“दूध आपलं होतं ना?”

गंधालीला हसू आलं नाही. “डिस्क कुठली आणली? जुनी आणली काय? खरं सांग दादा. तुह्या हाताला सवय आहे.”

श्यामकांताचा चेहरा काळवंडला. “तूही हेच म्हणशील? अवं, लोकांनी म्हणावं, तू तरी…! फॅक्टरीचं सील होतं डब्याले. मी नखानंही उचकटलं नाही. परत करायची वेळ आली असती तर?”

हे शेवटचं वाक्य ऐकून तिला खात्री पटली. परत करायची वाट उघडी ठेवणारा हा माणूस सील तोडणारच नाही.

“मग डबा कोणाच्या हातात गेला?”

“कोणाच्या जाते? पोस्टमननं माझ्या हातात दिला, मी भार्गवच्या. बस.”

“अन् लॅपटॉप चालू झाल्यावर?”

आता राधिका बोलली, खाली बघत. “अच्युतच्या. माझ्या वर्गातला. आम्ही दोघं लायब्ररीत मुलाखतीची तयारी करायचो. त्यानं काही सॉफ्टवेअर टाकून दिलं.”

“तयारी? म्हणजे त्याचीही मुलाखत तिथंच?”

“हो.” राधिकानं ओठ दाबला. “जागा एकच आहे, आत्या.”

३

अच्युत तेलीबांध्याच्या तलावाकाठी भेटला. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीत तो एका बाकावर चोरासारखा बसला होता. घरी मराठी ऐकत वाढलेला, पण बोलताना जीभ हिंदीकडेच वळणारा.

“आंटी, मैं राधिका का दुश्मन नहीं हूँ.”

“मी कुठं म्हटलं? मी फक्त विचारून राहिली, मशीन एकट्यानं कधी घेतली होती काय?”

“कभी नहीं. वो बाजू में ही बैठी रहती थी. पासवर्ड तक खुद डालती थी.” त्यानं तोंड पाण्याकडे फिरवलं. मग मराठीत आला, अडखळत. “पण एक गोष्ट मला माहीत होती. आदल्या दिवशी, तयारी करताना, मशीन तापली अन् गोठली. थंड झाली तर पुन्हा सुरू. राधिका म्हणाली, नवी आहे, होत असेल. मी म्हणायला पाहिजे होतं, दुसरी मशीन घे. मी नाही म्हटलं.”

“काहून?”

“जागा एकच होती ना, आंटी.”

गंधालीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. इथेच याची मान पिरगाळावी असं एक क्षण तिला वाटलं. पण गप्प बसणं वेगळं आणि डिस्क बदलणं वेगळं. त्याचा हात लागला तेव्हा झाकण केव्हाच बंद झालेलं होतं.

भार्गव तिचा मावसभाऊ. सदर बाजारात सोनारांच्या ओळीमागे त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान. गंधाली आत शिरली तशी बाहेरच्या हॉर्नांवरून ओरडत तो म्हणाला, “या वकीलसाहेब! समन्स आणलं की डबा?”

“दोन्हीची तयारी ठेव. राधिकाच्या मशीनमध्ये जुनी डिस्क कशी आली?”

भार्गवचं हसू मावळलं. त्यानं दुकानातल्या पोरीला समोर पाठवलं आणि स्टूल ओढून जवळ बसला.

“मले वाटलंच होतं हे निघणार. गंधाताई, डबा माझ्याजवळ आला तेव्हा सील तुटलेलं होतं. आतली डिस्क वापरलेली दिसत होती. कोपरे घासलेले, लेबल उडालेलं.”

“अन् तू बोलला नाही?”

“काय बोलू? दादा समोर बसलेला, मोठ्या तोऱ्यात सांगून राहिला की कसे पैसे वाचवले. मले वाटलं, यानं नेहमीसारखी कुठून तरी जुनी पैदा केली अन् पोरीले नवी म्हणून सांगितलं. पोरीसमोर बापाची फजिती करू काय मी? चालवून पाहिली, चालली. बसवून दिली.”

गंधालीनं कपाळाला हात लावला. श्यामकांताच्या कंजुषीवर या शहराचा इतका भरवसा होता की त्या आडून कोणीही काहीही करून जावं.

“अजून काय दिसलं डिस्कवर?”

“दिसणार काय? कुंकू होतं थोडं. हळद. पण ते तर असणारच ना, पूजेतून उचलली होती.”

“कुठल्या पूजेतून?”

भार्गवला प्रश्नाचंच नवल वाटलं. “अवं, खंडेनवमीची! मंडळात नाही का मांडत आपण सगळे? मशीन अन् डिस्कचा डबा दोन्ही रात्रभर सरस्वतीपुढं होते. दसऱ्याले उत्तरपूजा झाली अन् मी उचलून आणले.”

“दादा तर म्हणाला, डबा त्याच्या हातातून तुझ्या हातात आला.”

“तसंच झालं ना. मधी फक्त पूजेत होता.”

मधी फक्त पूजेत होता. गंधाली बसल्या जागी ताठ झाली.

४

पूजेत मांडलेल्या वस्तूला उत्तरपूजेपर्यंत कोणी हात लावत नाही. लहानपणी त्या एका दिवसाच्या आशेवर गंधालीसुद्धा गणिताची वही पूजेत ढकलायची. मंडळाच्या हॉलमध्ये पाऱ्यातल्या पोरांच्या वह्या असत, कोणाचं शिलाई मशीन, कोणाचा तबला. रात्री हॉलला कुलूप. कोणी विचारलं, त्या रात्री वस्तू कोणाकडे होती, तर माणूस सरळ म्हणतो, कोणाकडेच नाही. देवाकडे होती. म्हणून श्यामकांत ती रात्र सांगायला विसरला, आणि भार्गवला ती सांगावीशी वाटली नाही.

“भार्गव, डिस्क काढून दे मले,” म्हणत तिनं पिशवीतला लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

डिस्क म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी चपटी डबीच. गंधालीनं ती तळहातावर घेतली. मग नाकाशी नेली. कापूर. त्याच्याखाली उदबत्तीची शिळी राख. आणि तेव्हा तिला तो भुलाबाईचा आवाज पुन्हा ऐकू आला, इतका जवळून, की तिनं मागं वळून पाहिलं.

“डबा बंद होता,” ती हळूच म्हणाली.

“कोणता डबा?”

“डिस्कचा. पूजेत बंद डबा ठेवला होता, दादानं सील तोडलं नव्हतं. मग कुंकू कुठं लागायला पाहिजे, भार्गव? डब्यावर. आतल्या डिस्कवर कसं लागलं?”

भार्गवनं दिवा जवळ ओढला.

“अन् हे एका दिवसाचं कुंकू नाही. वरचं लाल आहे. खालचं बघ, विटकरी. त्याच्याखाली काळपट. थरावर थर. कोणीतरी ही डिस्क अशी उघडी, वर्षानुवर्षं पूजेत ठेवली आहे.”

“डिस्कची पूजा? कोण करते असं?”

कापसाचा बोळा ओला करून गंधाली डिस्क पुसू लागली. वर्षांमागून वर्षं बोळ्यावर उतरू लागली. आणि सगळ्यात खाली, धातूवर, टोकदार कशानं तरी कोरलेलं एक अक्षर उजेडात आलं. नीट वळणदार, वर छोटी रेघ दिलेलं.

श्या.

गंधालीच्या हातातला बोळा खाली पडला. रेल्वेत असताना आपल्या प्रत्येक हत्यारावर, टिफिनवर, छत्रीच्या दांड्यावर असंच अक्षर कोरणारा माणूस ती जन्मापासून ओळखत होती.

५

“ही तुझी डिस्क आहे, दादा.”

श्यामकांतानं चष्मा चढवला, डिस्क उलटीपालटी केली. रागानं लाल होईल असं तिला वाटलं होतं. तो पांढरा पडला.

“माझीच होती. माझ्या जुन्या लॅपटॉपची. पण तो तर मी विकला ना वं. लॉकडाऊनच्या साली.” तो थांबला. “वरदले.”

वरद. मीनलचा एकुलता मुलगा. त्या साली सगळ्या परीक्षा घरी बसून झाल्या. दुकानं बंद, नवी मशीन मिळत नव्हती, मीनलनं शेजारच्या श्यामकांताचा जुना लॅपटॉप विकत घेतला. प्रवेशपरीक्षेच्या ऐन मध्यात तो बंद पडला, असं वरद म्हणाला. वरदचं वर्ष गेलं आणि त्याच्याबरोबर आणखी काहीतरी गेलं. तो सुरतेला निघून गेला, तिथेच नोकरीला लागला. सणावारीही येत नाही. मीनलनं त्या दिवसापासून या घराचा उंबरा ओलांडला नाही.

“मी तेव्हाही सांगून राहिलो होतो,” श्यामकांत पुटपुटला, “मशीन ठीक होती. एकदाही बंद पडली नव्हती माझ्याजवळ. कोणी ऐकलं? तूही नाही ऐकलं.”

नव्हतंच ऐकलं. उलट तिनंच मीनलचे हात हातात घेऊन म्हटलं होतं, दादा आहेच तसा.

मंडळाच्या सरस्वतीची पूजा दरवर्षी मांडायची कोण? मीनल. शाळेत गाणं शिकवते, आवाज गोड, हात नेटका. खंडेनवमीच्या रात्री हॉलची किल्ली कोणाकडे? मीनलकडे.

“पाच वर्षं तिनं हे पोसलं,” गंधाली म्हणाली. “अन् माझ्या पोरीवर सोडलं. दादा, मी तिले आता सोडत नाही. मैत्रीण असो की कोणी असो. नोकरी घालवीन, पोलिसात नेईन.”

“आत्या, मला मुलाखत पाहिजे,” राधिका म्हणाली. “पोलीस नको.”

“दोन्ही आणीन.”

मोबाइल वाजला. भार्गव होता. डिस्क गंधालीच्या हवाली करण्याआधी त्यानं ती जोडून आतली नोंद उतरवून घेतली होती, ती आता वाचली होती. डिस्क आपल्या आयुष्याची टिपणं स्वतःच ठेवते, कधी चालली, कधी चुकली.

“गंधाताई, एक अजबच आहे. ही डिस्क पहिले मजेत चालली. मग वर्षानुवर्षं झोपलेली. अन् सगळ्या चुका या महिन्यातल्या. त्याच्याआधी एक नाही. एकही नाही, समजलं ना?”

“मग आता कशी बिघडली?”

“सांधे हिरवे पडलेत. पाण्यानं. पूजेत पाणी शिंपडतात ना फुलानं? दरवर्षी तेच. डिस्क तापली की तो कुजलेला सांधा सुटते.”

गंधालीनं फोन ठेवला. एकदाही चुकली नव्हती. म्हणजे त्या परीक्षेच्या दिवशीही नाही. तिला समजलं की आपल्या हातात आता दोन गोष्टी आहेत, एक जबाबाचा कागद आणि दुसरी ही नोंद, सुरीसारखी. कोणाला न सांगता तिनं ती सुरी पदराआड केली आणि चप्पल पायात सरकवली.

६

मीनल ओट्यावर मेथी निवडत बसली होती. गंधालीला पाहून तिनं पाट सरकवला, जसं काही पाच वर्षं मधे गेलीच नव्हती.

“ये. तू येशीलच. तुह्यापासून डबा कधी लपला?”

गंधाली बसली नाही. डिस्क तिनं मेथीच्या जुडीशेजारी ठेवली.

“पुसून टाकलं तू,” मीनल म्हणाली. एवढंच.

“काहून केलं?”

“तुले माहीत आहे काहून. नवी डिस्क आत कपाटात आहे, घेऊन जा. चोरटी नाही मी.” तिचे हात थांबले नव्हते. पानं एका बाजूला, देठं एका बाजूला. “वरदची मशीन भंगारात देताना मी एवढी काढून ठेवली. यानंच माझं पोर खाल्लं. लोक खंडेनवमीले काय पुजतात, गंधे? शस्त्र पुजतात. मीही माझं पुजलं. दरसाल कुंकू लावलं अन् म्हटलं, तुही वेळ येईल. यंदा पूजा मांडता मांडता पाहिलं, श्यामकांताच्या पोरीची मशीन अन् बाजूले डबा. तोच आकार, तीच कंपनी. देवीनं माझ्या पदरात टाकल्यासारखं वाटलं.”

“राधिकानं तुझं काय वाकडं केलं होतं? तुह्या मांडीवर खेळली ती!”

“अन् वरद तुह्या भावाच्या मांडीवर नव्हता खेळला?” मीनलचा आवाज पहिल्यांदा फाटला. “पैसे वाचवतो म्हणून फुशारकी मारते तो. त्यानं माझ्या पोरावर वाचवले! पोरगा असा गेला की मले आई म्हणून फोनही धड करत नाही. केला तर म्हणते, बरी आहे ना, ठेवतो. त्याच्या बापामागं मीच बाप व्हायचं, मीच माय व्हायचं, अन् तुह्या भावाच्या घरी दिवाळीचे दिवे? जळू दे म्हटलं एकदा त्याचंही.”

शेजारच्या घरातला कुकर शिटी देऊन थांबला. गंधालीनं पर्समधून कागद काढला.

“हे मी लिहून आणलं. डिस्क तू बदलली, राधिकाले माहीत नव्हतं. सही कर. उद्या पाठवायचं आहे. सही केली तर तिले पुन्हा बोलावतील.”

मीनल हसली.

“पुन्हा? माझ्या पोराले कोणी दिला होता दुसरा दिवस? नाही करत सही. पोलिसात ने. हातकड्या घाल. पण तिले दुसरा दिवस मिळू देणार नाही. जे त्याले नाही मिळालं, ते तिलेही नाही.”

सुरी काढायची वेळ आली होती, आणि नेमक्या त्याच वेळी गंधालीचा हात जड झाला. समोर बसलेली बाई पाच वर्षं एका गोष्टीच्या आधारानं उभी होती. ती गोष्ट ओढून घेतली तर खाली काय उरेल? पण मग राधिकाचे ते कोरडे डोळे आठवले. आठवले आणि आतला निखारा पुन्हा फुलला.

“मीनल, या डिस्कनं त्या दिवशी दगा दिला नव्हता.”

“काय?”

“डिस्कच्या आत सगळं नोंदलेलं असते. भार्गवनं वाचलं. वरदच्या हातात असताना ती एकदाही बंद पडली नाही. नंतर बिघडली. तुह्या फुलाच्या पाण्यानं बिघडली. दादा खरं बोलून राहिला होता.”

मीनलनं हातातली मेथी खाली टाकली. “म्हणजे माझा पोरगा खोटं बोलला?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“म्हटलंस! भावाले वाचवाले आता माझ्या पोरावर चिखल फेकून राहिली?” ती उठली, पदरानं हात पुसले, कोनाड्यातला मोबाइल उचलला. नंबर तोंडपाठ होता. “आत्ता विचारते. तुह्या समोर. अन् ऐक, त्यानं जर म्हटलं ना की मशीन चालू होती, तर त्याच क्षणी मी तुह्या कागदावर सही करते. नाही म्हटलं, तर तू या दाराशी पुन्हा यायचं नाही. मेली तरी.”

तिनं आवाज मोठा केला. रिंग जात राहिली. गंधालीनं मनात म्हटलं, उचलू नको पोरा. आणि लगेच म्हटलं, उचल.

“हां आई. बरी आहे ना?”

“मले काय धाड भरली. हे पाय, गंधाआत्या आली आहे इथं.”

पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता. तो हळूहळू लांब गेला, कुठलंतरी दार लागलं.

“आत्या? राधिका बरी आहे ना? कोणीतरी सांगितलं, तिची मुलाखत मध्येच…”

“ते सोड,” मीनल म्हणाली. “तुह्या परीक्षेच्या दिवशीचं सांग हिले. श्यामकांताची मशीन कशी बंद पडली ते. हिचं म्हणणं आहे, ती पडलीच नाही. सांग, अन् तोंड बंद कर हिचं.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“वरद?”

त्याचा श्वास ऐकू येत होता. आत घेतलेला आणि बराच वेळ तिथेच ठेवलेला. मीनलनं गंधालीकडे पाहिलं. त्या नजरेतला ताठा हलला, आधी डोळ्यांत आणि मग ओठांच्या कडेला. तिनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

“सांग ना रे पोट्ट्या. हो म्हण, नाही तर नाही म्हण. मी काही तुले मारणार आहे काय?”

“आई,” वरद म्हणाला, आणि त्या एका शब्दातच तो पुन्हा शाळकरी झाला. “मशीन चालू होती. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. मले काहीच येत नव्हतं. वर्षभर तू झोपली की मी खेळत बसायचो, अभ्यास केलाच नव्हता. अन् तू दाराशी दही-साखर घेऊन उभी होतीस, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. तुह्याकडं पाहून मले कोरा पेपर देववला नाही. मग मीच बटन दाबून धरलं, आई. ती बंद होईपर्यंत.”